हाड धरतंय, पण सावकाश

म्हातारा उंदीर फारसा कुणी पाहिलेला नसतो. शेतातला उंदीर सापाच्या, घुबडाच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जातो. म्हातारं व्हायला त्याला सवडच मिळत नाही. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराला शत्रू नसतो, खाणंपिणं वेळच्या वेळी मिळतं, तरी तोही म्हातारा होत नाही, कारण प्रयोग त्याआधीच संपतो. आठ-दहा आठवड्यांचे उंदीर घ्यायचे, महिना-दोन महिने औषध द्यायचं, तपासण्या करून निष्कर्ष काढायचा, एवढ्यात बहुतेक काम उरकतं. भोर तालुक्यातल्या एका प्रयोगशाळेच्या प्राणीगृहात मी पशुवैद्यक म्हणून रुजू झाले, तोवर मीही म्हातारा उंदीर पाहिला नव्हता. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री, कोंबड्या सगळं हाताखालून गेलं होतं. त्यांच्यात म्हातारी जनावरंही होती. उंदीर मात्र आमच्यासाठी कायम तरुणच होता.

आमचं प्राणीगृह पुणे-सातारा महामार्गापासून थोडं आत आहे. नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून जो रस्ता वेल्ह्याकडे वळतो, त्याच रस्त्यावर, गुंजवणीच्या खोऱ्यात माझं माहेर. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. जुलैत राजगड-तोरणा आठ-आठ दिवस ढगात असतात, खाचरांतून पाणी वाहत असतं, माणसं इरली आणि प्लॅस्टिकचे कागद पांघरून लावणी करत असतात. प्राणीगृहाच्या आत यातलं काही पोचत नाही. खोल्यांना खिडक्या नाहीत. तापमान २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार, हवेतला दमटपणा मोजलेला. वीज गेली की जनित्र सुरू होईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागतो. उंदरांना तिथे ऋतूच नसतो. त्यांचं वय मोजायचं ते फक्त नोंदवहीत.

हाडातल्या पोकळीत भरायच्या एका भुकटीची चाचणी आमच्याकडे आली होती. कॅल्शियम आणि फॉस्फेटची अशी भुकटी किंवा दाणे आज दाताच्या दवाखान्यापासून पाठीच्या शस्त्रक्रियेपर्यंत वापरतात. मोडलेल्या किंवा झिजलेल्या जागी ती भरली की शरीर तिच्या आधाराने नवीन हाड तयार करतं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी आग्रह धरला की तरुण उंदरांबरोबर दोन वर्षांचे उंदीरही घ्यायचे. असे उंदीर विकत कुठे मिळणार? ते पाळावे लागणार होते, आणि ते काम माझ्याकडे आलं.

पिंजऱ्यांची व्यवस्था बघायला वेल्ह्याकडचे एक मामा होते. शेतकरी माणूस, घरी बैलजोडी. मला मॅडम म्हणायचं आणि चुकलं तर लेकीसारखं सांगायचं, ही त्यांची रीत. उंदीर दीड वर्षाचे झाले तेव्हा मामांनीच मला पहिल्यांदा दाखवलं की ते पाण्याच्या नळीपर्यंत मान वर करायला कंटाळतात. आम्ही बाटल्या खाली आणल्या. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. अंगावरची पांढरी लव पिवळट आणि विरळ झाली होती. नखं वाढत होती. चालताना मागचे पाय फरफटत होते. काही माद्यांच्या पोटाशी गाठी आल्या. पांढऱ्या उंदरांच्या माद्यांत स्तनांच्या गाठी म्हातारपणी फार होतात. मूत्रपिंडंही थकतात, खास करून नरांची, म्हणून भिजलेला भुसा लवकर बदलावा लागायचा. काही उंदीर नुसतेच जाड झाले होते. ज्या उंदराला दिवसरात्र पोटभर खाणं असतं तो लवकर म्हातारा होतो आणि ज्याला मोजून मिळतं तो जास्त जगतो, हे क्लाइव्ह मॅके यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९३० च्या दशकातच दाखवलं होतं. हे वाचलेलं होतं, तरी डोळ्यांसमोर बघताना त्याचं वजन वेगळं वाटलं.

उंदराचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. दोन वर्षांचा उंदीर म्हणजे ढोबळमानाने आपली साठी-सत्तरी. या वयाचे उंदीर संशोधनात इतके कमी का दिसतात, याचं उत्तर त्या दीड-दोन वर्षांत मिळालं. खोली अडते, खाद्य लागतं, माणसाचे कष्ट लागतात, आणि प्रयोगाचा दिवस उजाडायच्या आत त्यातले बरेच उंदीर मरून जातात. तरुण उंदीर घेतले तर तेवढ्या काळात पाच-सहा प्रयोग होऊन जातात. हा हिशोब मला कळतो. पण ज्या माणसांसाठी ती भुकटी बनते त्यांचं वय बघितलं तर तो हिशोब पटत नाही.

कोवळ्या उंदराचं हाड मोडलं की काय होतं ते आधी सांगते. मोडलेल्या जागी रक्त साकळतं. त्या गुठळीत आधी सूज आणणाऱ्या पेशी येतात, कचरा साफ करतात आणि रसायनांच्या खुणांनी इतरांना बोलावतात. हाडाच्या बाहेरून जे पातळ अस्तर असतं, त्यातल्या पेशी भराभर वाढतात आणि मोडलेल्या टोकांभोवती कूर्चेचा मऊ गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चा विरघळत जाते आणि तिच्या जागी हाड भरतं. शेवटी जास्तीचं हाड खरवडून जुना आकार आणायचं काम महिनोन् महिने चालतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात राल्फ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या उंदरांच्या मांडीचं हाड मोडून हा सगळा प्रवास तपासला. सहा आठवड्यांच्या उंदरांचं हाड चार आठवड्यांत सांधलं. २६ आठवड्यांच्या उंदरांना दहा आठवडे लागले. वर्षभराच्या उंदरांना सहा महिन्यांहून जास्त लागले. म्हणजे दोन वर्षांची म्हातारी तर सोडाच, ऐन मध्यमवयातच वेग इतका पडतो.

आमच्या प्रयोगात हाड मोडलं नव्हतं. भूल देऊन मांडीच्या हाडात लहानसं भोक पाडायचं, त्यात भुकटी भरायची, जखम शिवायची. भूल, वेदनाशामक इंजेक्शन, नंतरचं लक्ष, यात कुठे हयगय होऊ नये हे बघणं माझं काम. म्हाताऱ्या उंदराला भूल देताना हात जपून चालवावा लागतो. त्याचं शरीर लवकर गार पडतं आणि औषध उतरायला वेळ लागतो. शस्त्रक्रिया झाली की मामा आणि मी ऊब देणाऱ्या गादीजवळ बसून एकेकाची हालचाल बघायचो. कोवळे तासाभरात भुसा उकरू लागायचे. म्हातारे संध्याकाळपर्यंत अंग चोरून पडलेले असायचे.

खरं उत्तर मिळतं ते काचपट्टीवर, आणि मला या कामातला सगळ्यात आवडता भागही तोच. नवीन हाड तयार होताना त्यात कॅल्शियम बसतं. त्या वेळी रक्तात काही ठरावीक रंग असले तर तेही कॅल्शियमला धरून हाडात बसतात आणि मग तिथून हलत नाहीत. कॅल्सीन नावाचा हिरवा चमकणारा रंग एकदा द्यायचा, मग आठवड्याभराच्या अंतराने दुसरा, लाल चमकणारा अलिझरिन. त्या आठवड्यात जेवढं हाड घडलं असेल तेवढं अंतर हिरव्या आणि लाल रेघेत राहतं. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखंच हे, फक्त वर्षांऐवजी दिवस मोजणारं. आपल्या गावोगावी शेळ्या-मेंढ्यांना आणि गाईंना ऑक्सिटेट्रासायक्लिनचं पिवळं इंजेक्शन देतात, तेही असंच हाडात जाऊन बसतं. टेट्रासायक्लिनची ही खोड १९५० च्या दशकात लक्षात आली आणि पुढे हॅरल्ड फ्रॉस्ट या अमेरिकन शल्यविशारदाने तिच्यावरून माणसाच्या हाडाची वाढ मोजायची रीत बसवली. वेल्ह्याच्या डोंगरात ज्या शेळीला कधी ते इंजेक्शन मिळालं असेल, तिच्या हाडातही त्या दिवसाची एक पिवळी रेघ बसलेली असते. ती बघायला कुणी जात नाही, एवढंच.

या रेघा बघायच्या तर हाडातला चुना काढून टाकता येत नाही, नाहीतर रंगही निघून जातो. म्हणून हाड तसंच कडक ठेवून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवायचं. त्या रसायनाचा उग्र वास दिवसभर नाकातून जात नाही. मग हिऱ्याच्या कणांची करवत लावून पातळ काप काढायचे, ते घासून आणखी पातळ करायचे, आणि अंधार केलेल्या खोलीत खास दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. कोवळ्या उंदराच्या कापात भोकाच्या कडेने हिरव्या आणि लाल रेघा ठसठशीत, एकमेकींपासून चांगल्या लांब आणि सलग धावताना दिसल्या. म्हाताऱ्याच्या कापात बराच भाग काळाच होता. कुठे एकच रेघ, तीही तुटक. काही ठिकाणी हिरव्यावर लाल जवळजवळ चढलेली, म्हणजे मधल्या आठवड्यात नावालाच काम झालेलं. मी काप सरकवत गेले. भोकाच्या एका कोपऱ्यात, जिथे एक रक्तवाहिनी हाडात शिरत होती, तिच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या रेघा स्पष्ट दिसल्या. अंतर कमी, पण रेघा दोन. त्या जागी दोन वर्षांच्या उंदराचं हाड घडत होतं. मी बाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, “वाहिनीजवळच आहे बघ.” नंतरच्या कापांत मी तेच शोधत राहिले, आणि म्हाताऱ्या हाडात जिथे म्हणून काम चाललेलं दिसलं ते बहुधा रक्ताच्या वाटेजवळच दिसलं.

वयाने नेमकं काय कमी होतं, याचं एकच उत्तर नाही. हाडाच्या मगजात ज्या मूळ पेशी असतात त्या दोन वाटांनी जाऊ शकतात. एक वाट हाड बनवणाऱ्या पेशींची, दुसरी चरबीच्या पेशींची. वय वाढतं तसा कल चरबीकडे झुकतो. म्हातारा उंदीर फाडला की हाडातला मगज पिवळसर, तेलकट दिसतो तो त्यामुळे. हाडाच्या बाहेरचं अस्तरही पातळ होतं. कोवळ्यात त्यात पेशींचे थर असतात, म्हाताऱ्यात ते नुसत्या धाग्यांच्या पापुद्र्यासारखं उरतं. रक्तवाहिन्या उशिरा फुटतात. आणि सूज, जी सुरुवातीला हवीच असते, ती म्हाताऱ्या शरीरात वेळेवर ओसरत नाही. साफसफाईच्या पेशी रेंगाळतात आणि बांधणाऱ्या पेशींना जागा देत नाहीत. कूर्चाही लवकर हाडात बदलत नाही. यातली एखादीच गोष्ट बिघडली असती तर एखादं औषध पुरलं असतं. इथे सगळ्याच थोड्या-थोड्या मंदावतात.

एक जुना प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट या अमेरिकन शल्यविशारदाने दाखवलं की हाडातला चुना काढून टाकला आणि उरलेला सांगाडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर जिथे हाडाचं नावही नव्हतं तिथे नवीन हाड तयार होतं. त्या सांगाड्यात पेशींना हाड बनवायला सांगणारी काही प्रथिनं असली पाहिजेत, हे त्यातून कळलं. ती प्रथिनं ओळखण्याच्या कामात भारतात जन्मलेले ए. हरी रेड्डी यांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांचं पुष्कळसं काम उंदरांवरच झालं. पुढे १९८० च्या दशकात हाच प्रयोग वेगवेगळ्या वयांच्या उंदरांवर झाला. हाडाची भुकटी म्हाताऱ्या उंदराची असली तर तिच्यामुळे कमी हाड तयार झालं, आणि भुकटी तरुण उंदराची पण ती ज्याच्या अंगात ठेवली तो म्हातारा असला, तरीही हाड कमीच आणि उशिरा झालं. सांगणाऱ्याचा आवाजही क्षीण आणि ऐकणाराही मंद, असं दोन्हीकडून होतं.

यामुळे फक्त तरुण उंदरांवर तपासलेल्या भुकटीबद्दल मला धास्ती वाटते. तरुण उंदराचं हाड स्वतःहूनच भरभर भरून येतं. उंदीर तीन महिन्यांचा झाला तरी त्याचा सांगाडा वाढतच असतो. कवटीला पाडलेलं ८ मिलिमीटरचं भोक प्रौढ उंदरात आपोआप भरत नाही, म्हणून चाचणीसाठी तेवढं माप धरतात. पण अगदी कोवळ्या पिल्लांची कवटी आपली आपण बरीच भरून काढते. म्हणजे भोक भरलं त्यात भुकटीचा वाटा किती आणि उंदराच्या तारुण्याचा किती, हे वेगळं काढलं नाही, तर तारुण्याचं श्रेय भुकटीच्या खात्यात जमा होतं. मग तीच भुकटी सत्तरीच्या बाईच्या हाडात भरली जाते.

सत्तरीच्या बाया आमच्या भागात कमी नाहीत. भोर-वेल्ह्यातली तरणी पोरं पुण्या-मुंबईला असतात, गावात म्हातारी माणसं भात लावतात. पावसाळ्यात बांधावरून पाय घसरतो. हात टेकला तर मनगट जातं, कुशीवर पडलं तर खुबा जातो. माझ्या सासरच्या शेजारच्या आजी अशाच चिखलणीच्या दिवसांत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसवली. घरी आणल्यावर जो येईल तो म्हणायचा, “वय झालंय, आता हाड धरायचं नाही.” आजींनीही तेच मनात घेतलं आणि अंथरूण धरलं. फिजिओथेरपीवाल्या ताई यायच्या तेव्हा त्या तोंड फिरवायच्या.

मी आजींना उंदरांबद्दल सांगितलं. उंदरांचं नाव काढल्यावर त्यांना किळस आली, पण ऐकून घेतलं. मी म्हणाले, आजी, म्हाताऱ्या उंदराचं हाडसुद्धा धरतं, मी डोळ्यांनी बघितलंय. उशीर लागतो, पण धरतं. जिथे रक्त पोचतं तिथे धरतं, आणि डॉक्टरांनी भार द्यायला सांगितलाय तेवढा भार पडला की हाडाला घडायची खूण मिळते. पडून राहिलात तर ती खूणच मिळणार नाही. हे शेवटचं वाक्यही नुसतं धीर द्यायला बोललेलं नव्हतं. उंदराचा मागचा पाय काही आठवडे जमिनीला लागूच दिला नाही, तर त्या पायाचं हाड विरळ होतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे.

आणखी एका गोष्टीवर मी बोलले, आणि तिथे आजी खरोखर रागावल्या. मिश्री. मावळातल्या बायांचा दिवस मिश्रीने सुरू होतो आणि मिश्रीने संपतो. लावणीच्या वेळी तर चिखलाचा हात धुऊन मध्येच दातांना लावतात. त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. सशांना निकोटिन देऊन पायाचं मोडलेलं हाड तपासलं तेव्हा सांधलेलं हाड कमकुवत भरलं होतं. म्हाताऱ्या हाडात आधीच रक्ताची वाट अरुंद, त्यात ही भर. आजींनी मिश्री पूर्ण सोडली नाही. सकाळची एकदाच ठेवली.

घरच्यांनी कांडवेलही आणली होती. चौधारी कांड्यांची ही वेल हाड मोडल्यावर वाटून लावायची आणि पोटातही द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिला मी हसत नाही. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर तिचा अभ्यास केला होता आणि हाड सांधण्याला ती मदत करते असं त्यांना आढळलं होतं. पण शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर लेप लावू देणं मला मान्य नव्हतं, आणि ते मी स्पष्ट सांगितलं. नाचणीची भाकरी मात्र दोन्ही वेळा सुरू ठेवायला लावली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आमच्या डोंगरात ती पिकते. आजी दिवाळीपर्यंत काठीवर ओटीपर्यंत येऊ लागल्या.

कुणी विचारेल, यासाठी उंदीर कशाला, जनावरं आहेतच की. हा प्रश्न मलाही पडायचा. धनगरवाड्यावर करडाचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या बांधतात आणि तीन-चार आठवड्यांत ते कातळावर उड्या मारतं. वासराचं नळीचं हाड प्लॅस्टरमध्ये सुरेख धरतं. मोठ्या गाईचं तेच हाड मोडलं की पशुवैद्य हताश होतो. पण तिथे वय हे एकच कारण नसतं. गाईचं वजन तीन-चारशे किलो, तिला चौथा पाय उचलून उभं राहता येत नाही, प्लॅस्टर तुटतं, बसली की उठत नाही. वयाचा दोष किती आणि वजनाचा किती हे गोठ्यात वेगळं करता येत नाही. पिंजऱ्यात ते जमतं: एकाच वंशाचे, एकाच खाद्यावर वाढलेले, एकाच खोलीतले उंदीर, वेगळं फक्त वय. अर्थात उंदराच्याही मर्यादा आहेत. आपल्या हाडात आतून सतत पोखरून पुन्हा भरण्याची जी रचना असते ती उंदराच्या हाडात जवळपास नसते, आणि त्याच्या हाडाची वाढ पूर्णपणे थांबत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात मेंढ्या-शेळ्या लागतात. तरी पहिला प्रश्न विचारायला उंदरासारखा दुसरा प्राणी नाही.

म्हाताऱ्या हाडाची क्षमता संपलेली नसते, ती दबलेली असते, असं मी म्हणते त्यामागे आणखी एक काम आहे. ते वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं. २०१५ मध्ये बेंजामिन ऑल्मन यांच्या गटाने तरुण आणि म्हातारा अशा दोन छोट्या उंदरांची शरीरं एकमेकांना जोडली, दोघांचं रक्त एकत्र फिरू दिलं, आणि मग म्हाताऱ्याच्या हाडाची दुखापत तपासली. ती तरुणासारखी भरून आली. पुढे त्याच शोधातून रक्तातलं एक प्रथिन पुढे आलं, अपोलिपोप्रोटीन ई. वयाबरोबर ते वाढतं आणि हाड बनवणाऱ्या पेशींना अडवतं. ते कमी केलं तेव्हा म्हाताऱ्या उंदरांचं हाड चांगलं सांधलं. अशी जोडणी माझ्या हातून व्हावी असं मला वाटत नाही. पण त्या उंदरांनी जे सांगितलं ते विसरलं जाऊ नये, असं फार वाटतं. अडथळा हाडाच्या पेशींच्या बाहेर, रक्तातही असू शकतो, म्हणजे तो एक ना एक दिवस औषधाने काढता येईल.

आपल्या देशात प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीचं नियंत्रण आहे, आणि प्रत्येक प्रयोगशाळेत एक नैतिकता समिती असते. तिच्यात पशुवैद्यक असतो, बाहेरचे शास्त्रज्ञ असतात, आणि शास्त्रज्ञ नसलेली एक समाजातली व्यक्तीही असते. आमच्या समितीवर मी पशुवैद्यक म्हणून बसते. अर्जाच्या नमुन्यात प्राण्याची जात, लिंग आणि वय लिहायचं असतं. हाडाचा अर्ज आला की मी आधी वय बघते. अलीकडे एका अर्जात उद्देश म्हणून वृद्धांमधील अस्थिभंग लिहिलं होतं आणि वय आठ ते दहा आठवडे. मी अर्जदारांना विचारलं, हे वय का? ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, “दोन वर्षं उंदीर पाळायला आमच्याकडे पैसे नाहीत, आणि तेवढी मुदतही नाही.”

त्यावर बैठकीत बराच वेळ गेला. तरुण उंदरांवर करा आणि पुढचं पुढे बघू, असं एक मत होतं. माझं म्हणणं होतं की ज्या प्रयोगातून प्रश्नाचं उत्तरच मिळणार नाही, त्यात एकही उंदीर वापरणं मला योग्य वाटत नाही. शेवटी वाट निघाली ती पैदाशीच्या खोलीतून. तिथल्या माद्या नऊ महिने ते वर्षाच्या झाल्या की त्यांची पिल्लं कमी होतात, आणि त्यांना पैदाशीतून काढून टाकतात. दोन वर्षांच्या म्हाताऱ्या नव्हेत त्या, पण मेयर यांच्या उंदरांवरून बघितलं तर हाडाचा वेग त्या वयात चांगलाच उतरलेला असतो. त्यांना वेगळं पाळावं लागत नाही, नवीन उंदीर जन्माला घालावे लागत नाहीत. तरुण उंदरांची संख्या निम्म्यावर आणायची आणि उरलेल्या जागी या माद्या घ्यायच्या, असं ठरलं. मी एक अट जोडायला लावली. मादीने किती पिल्लांना दूध पाजलं यावर तिच्या हाडातून किती चुना गेला आणि किती परत भरला हे ठरतं, त्यामुळे सगळ्या माद्यांची हाडं एकसारखी धरता येणार नाहीत. म्हणून प्रत्येक मादीची किती वेतं झाली, शेवटचं वेत कधी झालं आणि त्यात किती पिल्लं जगली, याची नोंद पैदाशीच्या वहीतून उतरवून अर्जासोबत द्यायची. मामांच्या वहीत ती सगळी आहे.